विनिपेगच्या घरात ऊब कशी टिकवावी?

प्रश्न : माझ्या मुलीने कॅनडात विनिपेगला 1950 च्या दशकातले लाकडी घर घेतले आहे. हिवाळाभर फर्नेस सुरू असूनही पायाशी गारठा असतो आणि बिल भरमसाट येते. एक ठेकेदार सगळीकडे स्प्रे फोम मारायला सांगतो, दुसरा माळ्यावर सेल्युलोज, तर तिसरा फायबरग्लास. यातले चांगले कोणते? – एक वाचक, नाशिक

उत्तर : साहित्य नंतर ठरवू. आधी हवा कुठून निसटते ते शोधायला सांगा.

बाहेर उणे 25 आणि आत 21 अंश असले, की अख्खे घर धुराड्यासारखे वागू लागते. गरम हवा वर चढते, छतातल्या दिव्यांच्या खाचा, वायरींची भोके, माळ्याचे झाकण अशा वाटांनी निघून जाते, आणि तिची जागा घ्यायला तळघराच्या फटींतून बोचरी हवा आत ओढली जाते. पायाशी लागणारा गारठा बहुधा हाच. या फटींवर नुसते फायबरग्लास पसरले तर हवा त्यातून गाळली जाते, अडत नाही.

त्या फटी सापडतात ‘ब्लोअर डोअर’ चाचणीत. दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचतात. मग जिथे फट असेल तिथे हाताला वारा लागतो. मुलीने पहिला खर्च यावर करावा.

ही काही नवी विद्या नाही. शेजारच्या सस्कॅचवान प्रांतात, रेजायनाला, 1977 मध्ये हॅरल्ड ऑर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रायोगिक घर उभारले. तिथली थंडी विनिपेगसारखीच हाडे गोठवणारी, तरी त्या घरात फर्नेसच नव्हती. भिंतींची आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता, 40 च्या आसपास होती आणि छताची 60. जाड थराइतकाच भर त्यांनी घर हवाबंद करण्यावर दिला होता. पुढे जर्मनीत रुजलेल्या ‘पॅसिव्ह हाउस’च्या, म्हणजे अगदी कमी इंधनात उबदार राहणाऱ्या घराच्या, कल्पनेमागे या घराचाही वाटा आहे. मला ते आजही फार मोलाचे वाटते.

आता साहित्य. फटी बुजवल्यावर माळ्यासाठी मी सेल्युलोज निवडेन. जुन्या वर्तमानपत्रांचा बारीक चुरा, त्याला आग आणि कीड लागू नये म्हणून बोरॉनचे क्षार; यंत्राने फुंकला की कानाकोपऱ्यात बसतो. इंचाला साधारण साडेतीन आर मिळतात, म्हणजे 60 साठी 16-17 इंच थर हवा. सुटे फायबरग्लास कडाक्याच्या थंडीत कमी पडू शकते, कारण थराच्या आतच हवा फिरू लागते. बंद पेशींचा स्प्रे फोम इंचाला सहाच्या आसपास आर देतो, पण महाग असतो. तळघराच्या भिंतीवर जिथे लाकडी चौकट टेकते, त्या अडचणीच्या पट्ट्यात तो जरूर वापरावा. फवारणीनंतर किती तास घराबाहेर राहायचे, हे ठेकेदाराकडून आधी लेखी घ्यावे.

मात्र माळ्यावर चकाकणारे, करड्या-सोनेरी खड्यांसारखे काही पसरलेले दिसले तर हात लावू नये. ते व्हर्मिक्युलाइट असू शकते. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात लिबी येथे 1990 पर्यंत चाललेल्या खाणीतल्या मालात ॲस्बेस्टॉस मिसळलेले होते आणि तो कॅनडातल्याही पुष्कळ घरांत गेला. तपासणी होईपर्यंत ब्लोअर डोअरचा पंखासुद्धा लावू नये.

मराठी स्वयंपाकघराची एक खास अडचण आहे : वाफ. कुकरच्या शिट्या, उकळता रस्सा, घरात वाळणारे कपडे. ही दमट हवा फटींतून माळ्यावर पोचली की छताच्या फळ्यांवर हिम होऊन बसते. ऊन वाढले की वितळून टपकते आणि छप्पर गळते आहे असे वाटते. म्हणून बाष्परोधक थर नेहमी उबेच्या बाजूला, म्हणजे इन्सुलेशनच्या खाली, छताला लागून असावा. शेगडीवरचा आणि न्हाणीघरातला पंखा हवा थेट घराबाहेर टाकतो ना, की माळ्यावरच सोडतो, हे बघावे. छपराच्या कडेची हवेची भोकेही सेल्युलोजने बुजता कामा नयेत.

घर घट्ट झाल्यावर ताज्या हवेची सोय लागतेच. बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देणारे एचआरव्ही यंत्र त्यासाठी मिळते. पाणी तापवायचा गॅसचा जुना बंब असेल तर धूर उलटा घरात येत नाही ना, याची चाचणीही करून घ्यावी, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ लावावा. तिन्ही ठेकेदारांना मुलीने एकच विचारावे : फटी बुजवण्याचे काम दरपत्रकात कुठे लिहिले आहे?