धारणीय वेग आणि क्रीडापटू

क्रीडापटू चिकित्सेस आला की आपले लक्ष प्रथम स्नायू, संधी व बल यांकडे जाते. सत्त्वपरीक्षा बहुधा राहून जाते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात पात्रता फेरीतील सातव्या स्थानावरून येऊन कांस्यपदक मिळविले. ज्या क्रीडेत हृदयाच्या ठोक्यानेही नेम हलू शकतो, तेथे शरीरबलाइतकेच सत्त्वबल निर्णायक ठरते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात वेगांचे दोन वर्ग येतात. लोभ, शोक, भय, क्रोध, ईर्ष्या इत्यादी मनाचे वेग धारणीय होत; मूत्र, पुरीष, क्षवथु आदी तेरा वेग अधारणीय होत. अश्रू आणि श्रमजन्य श्वास यांची गणना या तेरांत आहे, हे आम्हांस क्रीडापटूंच्या संदर्भात विशेष महत्त्वाचे वाटते. शोक आवरावा, अश्रू नव्हेत. पराभवानंतर रडणाऱ्या मुलास दटावणारा प्रशिक्षक संयम शिकवीत नसतो. तो अधारणीय वेगाचा रोध करवीत असतो. प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुचि व भ्रम ही त्या रोधाची फले चरकांनी सांगितली आहेत.

व्यवहारात पुढील गोष्टी पाळाव्यात. दीर्घ उच्छ्वासाचा अभ्यास स्पर्धेच्या कित्येक आठवडे आधीपासून नित्य करवावा. ऐन दिवशी नवा उपाय योजू नये. धावून आलेल्यास मात्र कुंभक करवू नये, श्वास आपोआप स्थिरावू द्यावा. क्रोधाच्या भरात चुका करणाऱ्यास, क्रोध कोणत्या प्रसंगी उठतो याची नोंद ठेवण्यास सांगावे. वेग उठताच ओळखला, तरच त्याचे धारण शक्य होते.

औषधयोजनेत विशेष सावधगिरी हवी. भयाने अनेकांचा अग्नी बिघडतो, मलप्रवृत्ती वारंवार होते. अशा वेळी अग्नितुंडी वटी किंवा जातिफलादि चूर्ण आपल्या लेखणीतून सहज उतरते. परंतु पहिल्यातील कुचल्यात स्ट्रिक्नीन असते, तर दुसऱ्यात भांग असते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीनुसार स्ट्रिक्नीन व भांगेतील मादक द्रव्य स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत. नमुन्यात ते आढळल्यास वैद्याने दिले होते एवढ्यावर खेळाडूची सुटका होत नाही. म्हणून 'आपण स्पर्धेत उतरता काय?' हा प्रश्न चिकित्सकाने केसपेपरवर आणि औषधविक्रेत्याने काउंटरवर विचारलाच पाहिजे. मनाच्या वेगावर औषधाआधी सत्त्वावजय योजावा, हे आमचे नम्र मत आहे.