बुंध्याभोवतीचा एक मीटर

मीरा-भाईंदरमध्ये सावलीची झाडे राखण्याचे काम अंगावर घेणाऱ्या स्वयंसेवकांना लवकरच कळून चुकते, की रस्त्याकडेचे झाड कुऱ्हाडीच्या घावाने मरते त्यापेक्षा अधिक वेळा ते बुंध्याशी, कोणाच्या लक्षात न येता मरते. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तनचा समुद्र आणि मध्ये मिठागरे व खाजणे अशी भूरचना असल्यामुळे शहराचा बराच भाग भरावावर वसला आहे. अशा जमिनीत थोड्या खोलीवरच खारे पाणी लागते, म्हणून पर्जन्यवृक्ष, गुलमोहर यांसारख्या झाडांची मुळे खोल न जाता आडवी पसरतात, आणि पाणी शोषणारी बारीक मुळे तर कोठेही वरच्या अर्ध्या मीटरच्या थरातच अधिक असतात. नेमका हाच थर पेव्हर ब्लॉक, काँक्रीट आणि गटारांचे चर यांच्या वाट्याला येतो. रस्त्याच्या बाजूने चर खणताना त्या अंगाची जाड मुळे तुटली, की झाड पालवलेले दिसत राहते आणि जून-जुलैच्या वादळी सरीत दुसऱ्या अंगावर कोसळते. मग दोष वाऱ्यावर जातो.

राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली दिल्लीतील झाडांसंबंधी आदेश देताना बुंध्याभोवती एक मीटर त्रिज्येची जागा काँक्रीटमुक्त ठेवण्यास सांगितले होते, आणि स्वयंसेवकांनी पाहणीची सुरुवात याच वर्तुळापासून करणे श्रेयस्कर ठरते. बुंधा जमिनीला मिळतो तेथे तो घेरदार होत गेलेला दिसला पाहिजे. तो खांबासारखा सरळ जमिनीत शिरत असेल, तर त्यावर भराव चढला आहे असे समजावे. सदिच्छेने होणारे नुकसान येथेच सर्वाधिक असते, कारण पार बांधून त्यात माती भरणे हे झाडाची सेवा वाटत असले तरी त्यामुळे साल सतत ओली राहून कुजते. रोपासाठी बसवलेला लोखंडी पिंजरा वेळीच न काढल्यास खोडात रुततो, आणि रोषणाईच्या माळांची तार सालीखालून अन्नरस खाली नेणाऱ्या थराला आवळते. पुणे-पिंपरी चिंचवड परिसरातील ‘आंघोळीची गोळी’ या गटाने झाडांवरील खिळे काढण्याची मोहीम रुजवली. तिचे अनुकरण करताना मात्र डोके बाहेर असलेलाच खिळा जंबुराने सरळ ओढावा, सालीने गिळलेला खिळा उकरू नये, कारण उकरण्याने होणारी जखम खिळ्यापेक्षा मोठी असते.

पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीच्या वेळी स्वयंसेवक हजर असणे हे शंभर रोपे लावण्याहून मोलाचे आहे, जरी छायाचित्रे रोपांचीच निघतात. जड फांदीला आधी खालून अर्धवट काप द्यावा, मग थोडे बाहेरून वरून कापून तिचे ओझे उतरवावे आणि शेवटी उरलेला खुंट सांध्यावरील फुगवटा राखून कापावा, असा क्रम आहे. तो मोडला की फांदी खोडाची साल सोलत खाली येते. एकाच बाजूच्या फांद्या उतरवून झाडाचा तोल बिघडवणे हा तर नित्याचाच प्रकार होय.

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 यातील ‘झाड तोडणे’ या संज्ञेत जाळणे, कापणे आणि कोणत्याही रीतीने इजा करणे या सर्वांचा समावेश होतो, म्हणून बुंध्यात ओतलेले रसायन वा सोललेली साल हीदेखील तक्रारीची बाब ठरते. तोडण्याच्या प्रस्तावाची सूचना वृत्तपत्रात आणि झाडावर लावून हरकती मागवणे हे याच कायद्याने वृक्ष अधिकाऱ्यावर, म्हणजे परवानग्यांसाठी नेमलेल्या महापालिका अधिकाऱ्यावर, बंधनकारक केले आहे. मेट्रो 9 या मार्गाच्या कारशेडसाठी मीरा-भाईंदरमधील डोंगरी येथील सुमारे 12,400 झाडांचा प्रश्न 2025 साली पुढे आला, तेव्हा नागरिकांच्या हरकतींचा ओघ लागला होता. संख्येने दबाव निर्माण होतो हे खरे. परंतु एकाच मजकुराच्या हजार अर्जांना एकच उत्तर देऊन मोकळे होता येते. याउलट ज्या अर्जात झाडाचा क्रमांक, जात, जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर मोजलेला बुंध्याचा घेर, नेमके ठिकाण आणि तारखेसह छायाचित्र असते, त्याला त्या झाडापुरते उत्तर द्यावे लागते. ही मोजणी सूचना निघाल्यावर करायला घेतली तर मुदत अपुरी पडते, म्हणून आपल्या गल्लीतील झाडांची वही आधीच तयार ठेवावी, दर पावसाळ्यानंतर ती पडताळावी आणि अर्ज देताना आवक क्रमांकाची पोच घेतल्याविना कार्यालयाबाहेर पडू नये.