पापाची कबुली आणि देवाचा गौरव : संत ऑगस्टीन यांचा एक शब्द

सज्जनहो, गेल्या चातुर्मासात कीर्तन आटोपून मंडळी पाया पडत असता एका शाळामास्तरांनी आम्हांस गाठले आणि विचारले, "महाराज, ख्रिस्ती लोक प्रार्थनेला उभे राहिले की आधी 'आम्ही पापी' म्हणतात आणि लगेच देवाचा गौरव गाऊ लागतात. ज्याला आपल्या पापाची खरोखर लाज वाटते, त्याला गाणे सुचेल कसे? आणि ज्याला गाणे सुचते, त्याची लाज खरी कशावरून?" प्रश्न खोचक होता, पण खोटा नव्हता. तेव्हा आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. मग मनाला चैन पडेना. लॅटिन जाणणारे एक वृद्ध फादर आमच्या परिचयाचे आहेत, त्यांच्यापाशी बसून विषय समजून घेतला. तो येथे मांडतो.

प्रथम पाप म्हणजे काय ते पाहू. ख्रिस्ती लोकांचा 'नवा करार' मूळचा ग्रीक भाषेतला. त्यात पापाला 'हमार्तिया' असा शब्द येतो. तो ज्या क्रियापदाचा, ते क्रियापद होमर कवीने फेकलेला भाला नेम चुकून भलतीकडे गेला, अशा ठिकाणी वापरले आहे. हे ऐकताच आम्हांस पाठशाळेतला अमरकोश आठवला. ज्याचा बाण लक्ष्यावरून ढळला त्या धनुर्धराला तेथे 'अपराद्धपृषत्क' म्हटले आहे. पृषत्क म्हणजे बाण; आणि 'अपराध' हा आपला रोजचा शब्द त्याच घराण्यातला, अप अधिक राध्. लहानपणी छडीच्या धाकाने घोकलेला शब्द, त्याचा उपयोग साठी उलटल्यावर झाला!

बरे, नेम चुकला. पण तो धरायचा होता कशावर? संत पौल यांनी रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात याचे उत्तर आहे. माणसांना देव कळला होता, तरी देव म्हणून त्यांनी त्याचा गौरव केला नाही की उपकार मानले नाहीत. पुढची सारी घसरण तेथून सुरू झाली, असे ते म्हणतात. चोरी, चहाडी, व्यभिचार ही झाडाला लागलेली फळे. मुळात स्तुती ज्याची होती त्याला ती मिळाली नाही. तिसऱ्या अध्यायात ते आणखी सांगतात की यहुदी असो वा ग्रीक, पाप सर्वांनीच केले आणि देवाच्या गौरवाला सर्वच उणे पडले. म्हणजे पापाची व्याख्याच गौरवावरून केलेली आहे. मास्तरांनी ज्या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या, त्या पौलांच्या लेखी पहिल्यापासून एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

आता तो लॅटिन शब्द. 'कन्फेशन' म्हटले की चर्चमधील लाकडी जाळी आणि पलीकडे कान देऊन बसलेले फादर, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. जुन्या ख्रिस्ती लॅटिनमध्ये मात्र 'कन्फेस्सिओ' या शब्दाला दोन अर्थ होते. आपले पाप कबूल करणे हा एक, आणि देवाची थोरवी उघड बोलून दाखविणे हा दुसरा. ही चाल हिब्रूतून आली. तेथे स्तुती-आभार आणि पापाची कबुली या दोन्हींचे शब्द एकाच धातूपासून होतात. यहोशवाच्या पुस्तकात आखान नावाच्या माणसाची कथा आहे. यरीहो नगर पडल्यावर देवाला वाहिलेल्या लुटीतला एक झगा, रुपे आणि सोन्याची एक लगड त्याने चोरून तंबूत पुरली. चोरी उघडकीस आली तेव्हा यहोशवा त्याला काय सांगतो? आधी देवाचा गौरव कर, आणि मग काय केलेस ते सांग! कथेचा शेवट कठोर आहे, आखानाला दगडमार झाला; तो शेवट आमच्या गळी उतरत नाही. पण भाषा पाहा. 'मी चोरी केली' असे जो खरेपणाने म्हणतो, तो त्याच दमात 'देवा, तू पाहत होतास, तुझेच खरे' असेही म्हणतो. कबुली हीच स्तुती झाली.

या दुहेरी शब्दाचे ज्यांनी सोने केले ते ऑगस्टीन. जन्म इ. स. 354, गाव तागास्ते. आज ते अल्जीरिया देशात सूक अहरास या नावाने आहे. त्यांचा 'कन्फेशन्स' हा तेरा भागांचा ग्रंथ 397 च्या सुमारास लिहावयास घेतला गेला, तेव्हा ते हिप्पो नगरीचे बिशप होते. याला आत्मचरित्र म्हणतात खरे, पण सारा ग्रंथ देवाशी चाललेले बोलणे आहे; वाचकाने कडेला बसून ऐकायचे. आणि आरंभ पापाने नाही. आरंभ देवाच्या थोरवीने आहे.

पापे कोणती? बाईशी विवाहावाचून राहिले, मुलगा झाला, तेही त्यात आहे. पण पानेच्या पाने खर्ची घातली ती नासपतीच्या चोरीवर! सोळा वर्षांचे पोर असता सवंगड्यांसह रात्री शेजाऱ्याचे झाड हलविले, ओझेभर फळे नेली, एखाददुसरी चाखली आणि बाकीची डुकरांपुढे टाकली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. अहो, चिंचा-कैऱ्या पाडल्या नाहीत असा आपल्यात कोण आहे? पण ते त्या गोष्टीला सोडत नाहीत. फळ नको होते, चोरीच हवी होती. आणि एकटा असतो तर केलीही नसती, असे म्हणत ते मनाच्या तळापर्यंत जातात. नेम चुकणे वेगळे आणि चुकण्यातच गोडी वाटणे वेगळे.

आम्हांस स्वतःला लागली ती गोष्ट पुढची आहे. ऑगस्टीन यांचा धंदा वक्तृत्व शिकविण्याचा. कार्थेज, मग रोम, आणि 384 साली मिलान. तेथे सम्राटाच्या स्तुतीचे भाषण करण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यात पुष्कळ खोटे बोलायचे होते, आणि ते खोटे आहे हे ठाऊक असलेले लोकच वाहवा करणार होते. त्या चिंतेत मिलानच्या रस्त्याने जाताना एक भिकारी दिसला. चार पैशांची दारू पिऊन मजेत हसत होता. ऑगस्टीन बरोबरच्या मित्रांना म्हणाले, आपण एवढी यातायात करून जे मिळवू पाहतो, ते याने भिकेत मिळविले.

सज्जनहो, हे वाचून आम्ही पुस्तक मिटले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहात खर्च करणाऱ्या यजमानाची आम्ही नारदाच्या गादीवरून अशी काही तारीफ केली की टाळकरीसुद्धा एकमेकांकडे पाहू लागले. त्याच्या सावकारीखाली निम्मे गाव पिचले होते, आम्हांस ते ठाऊक होते. बिदागीचे पाकीट जाड निघाले. ते कीर्तन चांगले रंगले होते, हे सगळ्यांत वाईट!

386 साली एका बागेत, त्याच रोमकरांस लिहिलेल्या पत्राचे चार शब्द वाचून, ऑगस्टीन यांचे मन फिरले. पुढच्या वर्षी ईस्टरला बिशप अँब्रोज यांच्या हातून बाप्तिस्मा झाला. ही कथा प्रसिद्ध आहे, ती येथे वाढवीत नाही. कीर्तनकारांनी आणि टाळकऱ्यांनी वाचावा तो दहावा भाग. माणूस बिशप झाला, लोक पायाशी येऊ लागले, तरी लिहितो की लोकांनी केलेली स्तुती मला अजून गोड लागते. आणि ती सोडल्याचा अभिमानही तितकाच गोड लागतो. गाण्याबद्दलही असेच. मिलानच्या चर्चमधील स्तोत्रे ऐकून ते पूर्वी ढसाढसा रडले होते. आता त्यांना शंका येते, आपण विरघळतो ते अर्थाने की सुरांनी? अलेक्झांड्रियाचे अथनेशियस स्तोत्र म्हणणाऱ्याला इतका कमी सूर लावू देत की ते गाण्यापेक्षा बोलण्यासारखे वाटे. तेच बरे, असे त्यांना घडीभर वाटते. शेवटी ते गाण्याच्या बाजूने कौल देतात, दुबळ्या मनाला कानांच्या वाटेने भक्ती चढते म्हणून. पण गायिलेल्या वस्तूपेक्षा गाणेच अधिक हलवून गेले, तर त्या वेळी माझ्या हातून पाप घडले, एवढे लिहून ठेवतात. गौरव करतानाही नेम चुकतो, बरं का!

एक गोष्ट मोकळेपणी सांगितली पाहिजे. ऑगस्टीन यांनी पुढे आदामाचा दोष वंशपरंपरेने प्रत्येकाकडे येतो असा सिद्धांत मांडला, आणि पेलाजियस यांच्या मताविरुद्ध 418 साली कार्थेजच्या परिषदेने निर्णय दिला. पूर्वेकडील चर्च मरण आणि दुर्बलता आदामाकडून आली असे मानते. त्याचा गुन्हा आपल्या माथी आला, असे मानत नाही. तान्ह्या मुलाला पापी म्हणायला आमची जीभही धजत नाही. दूधभाऊ पिऊ लागला की रागाने पांढरे पडणारे तान्हे बाळ आपण पाहिले, असे मात्र ऑगस्टीन लिहितात. ज्यांच्या घरी जुळी नातवंडे आहेत त्यांनी यावर काय ते बोलावे.

मास्तर परवा पुन्हा भेटले. त्यांना आम्ही दाविदाचे एक्कावन्नावे स्तोत्र वाचायला दिले. उरीयाची बायको घेतली, उरीयाला लढाईत पुढे धाडून मारविले, आणि नाथान संदेष्ट्याने तोंडावर दोष ठेवला, त्या प्रसंगाचे म्हणून ते सांगतात. राजा त्यात रडतो, आणि मध्येच देवाला म्हणतो की माझे ओठ तूच उघड, म्हणजे तोंडाने तुझी स्तुती होईल. मास्तर बराच वेळ त्याच ओळीवर बोट ठेवून बसले.

430 साली व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला असता ऑगस्टीन तापाने अंथरुणाला खिळले. वय 75 होते. त्यांचे शिष्य पॉसिडियस यांनी लिहून ठेवले आहे की दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रे कागदांवर उतरवून त्यांनी बिछान्यासमोरच्या भिंतीवर लावून घेतली. वैद्य आले किंवा जेवण आणले तरच कोणी आत यावे, असे सांगितले. शेवटचे दहाएक दिवस ते पडल्या पडल्या भिंतीकडे पाहत वाचीत होते आणि रडत होते. 28 ऑगस्टला देह ठेवला, तेव्हा वेढा उठलेला नव्हता.