पलंग, मेज, खुर्ची आणि दिवा
(कुटुंबासाठी बायबल अभ्यास : २ राजे ४:८-३७)



सामान्य काळातील तेराव्या रविवारी, ‘अ’ वर्षात, पहिल्या वाचनात शुनेम गावच्या एका बाईची गोष्ट येते. तीन वर्षांतून एकदा आपण ती ऐकतो, ‘देवाला धन्यवाद’ म्हणतो आणि स्तोत्राकडे वळतो. वाचन लहान आहे, आणि त्यात चमत्कारही जवळजवळ नाही. एक बाई जेवू घालते आणि एका खोलीत सामान लावते, एवढेच. म्हणूनच हा अभ्यास देवळात न करता घरी, जेवणाच्या टेबलाभोवती बसून करावा असे आम्हांला वाटते. बायबल जवळ असू द्या.

काळ इ. स. पूर्व नवव्या शतकातला. अलीशा संदेष्टा गावोगावी फिरत असे. शुनेम हे इज्रेलच्या सुपीक खोऱ्यातले गाव. तिथल्या या बाईचे नाव बायबल सांगत नाही. मूळ हिब्रू भाषेत तिला ‘मोठी’ बाई म्हटले आहे, म्हणजे खाऊनपिऊन सुखी, मानाची. तिने अलीशाला आग्रहाने जेवायला थांबवले. पुढे तो त्या वाटेने गेला की तिच्याकडेच जेवू लागला. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी स्वयंपाकघर, मग खोली. घरात माणसाला जागा मिळते ती बहुधा ताटापासून सुरू होते.

मग ती नवऱ्याला म्हणते की, गच्चीवर भिंतीची एक लहान खोली करू आणि तिथे त्याच्यासाठी पलंग, मेज, खुर्ची व दिवा ठेवू. मूळ भाषेत इथे क्रियापदे ‘आपण करू, आपण ठेवू’ अशी अनेकवचनी आहेत. ती एकटीच निर्णय घेऊन मोकळी होत नाही आणि नवऱ्याने हुकूम सोडावा म्हणून थांबतही नाही. (नवरा काय म्हणाला ते लिहिलेले नाही. खोली झाली, त्या अर्थी तो नाही म्हणाला नसावा.)

या चार वस्तूंचे हिब्रू शब्द पाहण्याजोगे आहेत. मेजासाठी जो शब्द आहे, तोच निर्गमच्या २५ व्या अध्यायात निवासमंडपातील समर्पित भाकरींच्या मेजासाठी येतो. दिव्यासाठी ‘मेनोरा’ हा शब्द आहे, मंडपातल्या दीपवृक्षाचाही तोच. खुर्चीचा शब्द राजाच्या सिंहासनालाही वापरतात. बाईच्या मनात हे सारे होते असे आम्ही म्हणत नाही. तिला साधे सामानच लावायचे होते. पण घरातल्या सामानाला आणि मंदिरातल्या सामानाला शास्त्रलेखाने वेगळी नावे दिली नाहीत, हे खरे.

आता आमच्या घरची गोष्ट सांगणे भाग आहे, कारण हा उतारा आम्हांला कळला तो देवळात नव्हे, कपाट सरकवताना.

आमच्या आई पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी जिना चढायचा नाही म्हणून सांगितले. त्यांचा पलंग माडीवर होता. रविवारी मिस्सा करून आलो, पुरुष मंडळी घरी होती, म्हणून तोच दिवस धरला. चुलीवर बोंबलाचे कालवण होते, एकीकडे भाकऱ्या चालू होत्या, आणि जिन्याच्या वळणावर सागवानी पलंग अडकला. इकडून ‘उचला’, तिकडून ‘थांबा, बोट सापडलं’, आणि स्वयंपाकघरातून ‘आधी कोणी तरी तवा बघा’. शेवटी पलंगाच्या डोक्याकडची फळी काढली तेव्हा तो खाली आला. एक भाकरी पुरती करपली.

खाली आणलेला पलंग ठेवायचा कुठे, यावर वाद झाला. पुढच्या खोलीत सोफा आणि शोकेस. मधली खोली स्वयंपाकघराला लागून, पण तिथे मोठे कपाट आणि मुलांचे अभ्यासाचे टेबल. मागच्या बाजूला एक खोली होती, तांदळाचे पिंप, जुन्या गाद्या, नाताळच्या गोठ्याचे खोके असले सामान ठेवायची. आम्ही ती झाडून घेतली, खोके एका बाजूला लावले आणि पलंग तिथे टाकला. ‘आई, इथं शांत आहे, तुम्हांला आराम मिळेल,’ असे आम्ही म्हणालो. त्या ‘बरं आहे’ म्हणाल्या. आमच्या आई कधीच तक्रार करीत नाहीत, आणि आम्ही त्याचा फायदा घेतला, हे आज कबूल करायला हवे.

दहा-बारा दिवसांत त्यांचे जेवण कमी झाले. आम्ही औषधांना दोष दिला. एका दुपारी नातू ताट घेऊन गेला तेव्हा त्यांनी त्याला विचारले, ‘बाबा, आज चूल पेटली नव्हती का रे? वासच आला नाही.’ पन्नास वर्षे त्या घरातले कालवण ज्यांच्या हाताने झाले, त्यांना दुपारी काय शिजते आहे ते ताट येईपर्यंत कळत नव्हते. ती खोली शांत होती, हे खरेच होते.

त्याच आठवड्यात आम्ही पुन्हा शुनेमकरणीकडे वळलो. तिने पाहुण्याला उरलेली जागा दिली नाही. घरात एखादा कोपरा तिलाही सापडला असता. तिने भिंत बांधली, आणि पलंगावरच न थांबता मेज, खुर्ची व दिवा ठेवला. पलंग एकटा असला तर माणसाने फक्त झोपावे असा त्याचा अर्थ होतो. मेज असले की तो जेवू शकतो. खुर्ची असली की कोणी तरी येऊन त्याच्यापाशी बसू शकते. दिवा असला की अंधार पडल्यावरही त्याचा दिवस संपत नाही. मागच्या खोलीत आम्ही पलंग दिला होता, बाकीचे तीन राहिले होते.

शनिवारी मधल्या खोलीतले कपाट रिकामे केले, पायांखाली जुनी घोंगडी सारली आणि ते मागच्या खोलीत नेले. अभ्यासाचे टेबल सोफ्याशेजारी गेले. सोफ्यावर आता दोन माणसे कमी बसतात. आईंचा पलंग स्वयंपाकघराच्या दाराला लागून आहे, आणि कालवणात आमसुले कधी टाकायची ते त्या पडल्या पडल्या सांगतात. कधी कधी त्याचा त्रासही होतो, लपवून उपयोग नाही.

हा उतारा वाचताना एक धोका आहे. शुनेमकरणीचे कौतुक करायचे आणि सगळे ओझे आपल्या घरातल्या बाईवर टाकायचे, असे सहज होते. आमच्याकडेही पलंग उचलणाऱ्या चौघांची दिवसभर वाहवा झाली. त्या चौघांसाठी भाकऱ्या भाजणारीला कोणी विचारले नाही. ‘आपण करू’ या शब्दांत ‘आपण’ म्हणजे कोण, याची वाटणी घरातल्यांनी मोकळेपणी बोलून करावी. आणि ज्यांचे घर एका खोलीचे आहे त्यांनी भिंत कोठून बांधावी? त्याच रविवारच्या शुभवर्तमानात, मत्तय १०:४२ मध्ये, येशू थंड पाण्याच्या एका पेल्याचा उल्लेख करतो. त्याला खोली लागत नाही.

उपासनेतले वाचन पुत्राच्या वचनापाशी, सोळाव्या वचनात, थांबते. घरी मात्र पुढे वाचा. मुलगा होतो, मोठा होतो. एके दिवशी कापणीच्या शेतात त्याचे डोके दुखू लागते आणि दुपारी आईच्या मांडीवर तो प्राण सोडतो. ती त्याला वर नेते आणि संदेष्ट्यासाठी मांडलेल्या त्याच पलंगावर ठेवते. मग दार लावून गाढवावर बसून कर्मेल डोंगराकडे जाते, २० किलोमीटरांहून अधिक वाट. गेहजी तिला दूर लोटू पाहतो, पण ती अलीशाचे पाय सोडत नाही. अलीशा येतो, दार लावून प्रार्थना करतो, आणि त्या पलंगावर मूल सात वेळा शिंकते व डोळे उघडते. पलंग मांडला तेव्हा तिला यातले काही ठाऊक नव्हते. तिने काही मागितलेही नव्हते. राजाकडे शब्द टाकू का असे विचारले तर, मी आपल्या लोकांत राहते आहे, एवढेच ती म्हणाली होती. आपल्यांपैकी काही घरांत पलंगावरचे मूल उठले नाही, हे आम्ही जाणतो. त्या घरांनी हा भाग वाचताना घाई करू नये, आणि शेजाऱ्यांनी त्यांना अर्थ समजावू नये.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ‘ख्रिस्तसभा’ या दस्तऐवजात कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबा व वृद्धांचा जागतिक दिन सुरू केला. तो जुलैच्या चौथ्या रविवारी, संत योआकिम व संत अ‍ॅना यांच्या सणाच्या आसपास येतो. त्या दिवशी आपण वृद्धांना फुले देतो. त्याआधी एखाद्या संध्याकाळी घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीच्या खोलीत सगळ्यांनी रोझरीसाठी बसून पाहावे. कोणाला बसायला जागा नाही, कुठे उजेड पुरत नाही, हे लगेच कळते.

आजाऱ्यांसाठी घरी ख्रिस्तशरीर आणले जाते तेव्हा आपण काय तयारी करतो ते आठवा. आजारी माणूस पलंगावर असतो. जवळ लहान मेज ठेवून त्यावर पांढरे कापड घालतो. फादरांसाठी किंवा ख्रिस्तशरीर घेऊन येणाऱ्यांसाठी खुर्ची सरकवतो. मेणबत्ती लावतो. आमच्याकडे पहिल्यांदा असे झाले तेव्हा आईंनी मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘गॅस बारीक करा, फादर आलेत.’