महाराज खरे, मग छोटा भीम?

प्रश्न : माझा साडेचार वर्षांचा मुलगा छोटा भीमला जेवायला बोलवायचं म्हणतो आणि ‘शिवाजी महाराजही कार्टूनच का?’ असं विचारतो. त्याला खरं-खोटं कळत नाही का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, काळजी नको. समोरचा माणूस आणि कार्टून यांतला फरक या वयात बहुतेक मुलांना कळतो. अवघड असतं ते न पाहिलेल्यांचं. महाराज आणि भीम दोघेही त्याला गोष्टींतूनच भेटलेत. गोष्टीतल्या जादूवरून ‘हे काल्पनिक’ असं ओळखणं साधारण पाच-सहाव्या वर्षी जमू लागतं. तोवर सरळ सांगा : ‘भीम चित्रकारांनी काढला, महाराज खरोखर होऊन गेले.’ रायगडावरची समाधी दाखवा. भीमचा खेळ मोडू नका, चिडवूही नका. मात्र त्याच्यासारखी उंचावरून उडी मारू लागला, तर ठामपणे थांबवा. भीतीने झोप किंवा खेळणं बिघडलं, तरच बालरोगतज्ज्ञांना भेटा.