स्वामीमलैची मूर्ती आणि कामाचा हक्क

तंजावर जिल्ह्यात कुंभकोणमजवळ स्वामीमलै हे गाव आहे. तिथे आजही चोळकालीन पद्धतीने पंचधातूच्या मूर्ती घडवतात. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचा लेप द्यायचा, तापवून मेण काढायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. शेवटी साचा फोडतात, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते.

ही विद्या स्थपती घराण्यांत परंपरेने बापाकडून मुलाकडे जाते. गंमत म्हणजे १०व्या शतकात या कलेला मोठा आश्रय दिला तो सेंबियन महादेवी या चोळ राणीने! आश्रय देणारी स्त्री चालली, पार्वतीची मूर्तीही चालली. वारसा मात्र मुलाचा. ओतकामाला ताकद लागते, असे कोणी म्हणेल. पण मेण कोरायला नजर आणि बोटे लागतात, असे मला वाटते.

सैन्यात तर याहून विचित्र कारण पुढे आले. महिला अधिकाऱ्यांकडे तुकडीचे नेतृत्व का देऊ नये? सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले, की बहुतेक जवान ग्रामीण भागातले असतात आणि स्त्रीचे नेतृत्व स्वीकारायला ते अजून मनाने तयार नाहीत. म्हणजे अडचण पुरुषांची आणि पद अडले स्त्रीचे! १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले.

२०२२ मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली. मे २०२५ मध्ये तिच्यातल्या १७ जणी उत्तीर्ण झाल्या. आमच्या वर्गातले काही जण दोन-तीन वर्षांत तिथे पोहोचतील. तेव्हा परेडवर हुकूम देणारी सीनियर मुलगी असली, तर ग्रामीण जवानांचे कारण आम्हाला सांगता येणार नाही.