ट्रामाडॉलची चिठ्ठी लॅमिनेट करू नका!

कांदाकाढणी सुरू झाली की कंबर धरून येणाऱ्यांची आमच्याकडे रांग लागते. त्यातले कितीतरी जण आधीच गोळी खाऊन आलेले असतात. कुठली, असं विचारलं की खिशातून एक जुनी चिठ्ठी निघते. "डॉक्टर, ही मला लागू पडते." चिठ्ठी हर्नियाच्या ऑपरेशननंतरची, पाच दिवसांपुरती. गोळी ट्रामाडॉल.

डॉक्टरने एकदा लिहून दिलं की ते जन्मभर चालतं, हा समज काही केल्या जात नाही. ट्रामाडॉल ही अफूच्या जातकुळीतली गोळी आहे. २०१४ पासून ती शेड्यूल एच-वनमध्ये आहे. पाकिटावरची लाल चौकट त्याचीच. दुकानदाराला डॉक्टर, पेशंट, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं ठेवावी लागते. २०१८ पासून ती अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आली. १९४५ च्या औषध नियमांप्रमाणे चिठ्ठीवर एकूण किती गोळ्या द्यायच्या ते लिहिलेलं हवं, आणि 'पुन्हा द्यावे' असं डॉक्टरने लिहिलं नसेल तर चिठ्ठी एकदाच चालते. औषध देताना दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख तिच्यावर टाकायची असते.

ओतूरकडच्या एका शेतकऱ्याने चिठ्ठी चक्क लॅमिनेट करून घेतली होती, फाटू नये म्हणून. प्लास्टिकवर शिक्का कोण मारणार? आळेफाट्याला पाच गोळ्या, नारायणगावला दहा, मंचरला आणखी दहा. त्यात खोकल्याचं औषध आणि संध्याकाळी थोडी 'घेतलेली'. बायकोला वाटलं, दमून घोरतोय. नशीब, घोरणं वेगळं वाटलं आणि तिने शेजाऱ्याची गाडी काढायला लावली. शुद्धीवर आल्यावर गड्याने पहिली चौकशी केली ती चिठ्ठीची!

"दहा लिहिल्यात, पाचच घेतल्या तर चालेल का?" असं कुणी विचारलं तर मला बरंच वाटतं. कमी घ्या, खुशाल घ्या. पैशांची अडचण असो की दुखणंच कमी असो. मात्र पाकीट कापून घेताना नाव आणि मुदत असलेला भाग राहू द्या, आणि '५ दिल्या' असं दुकानदाराकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. अमेरिकेत या जातीच्या गोळ्यांनी हाहाकार माजवला, तेव्हा २०१६ साली तिथे कायदाच झाला: कडक वेदनाशामक गोळ्या पेशंटने हव्या तर थोड्याच घ्याव्यात, उरलेल्या चिठ्ठीच्या तारखेपासून तीस दिवसांच्या आत, त्यानंतर नाही. तुमचं दुखणं थांबलं असेल तर उरलेल्या पाचांवर पाणी सोडा. पुढच्या हंगामातली कंबरदुखी हे नवं दुखणं आहे, ते नव्याने दाखवा. आणि घरात उरलेल्या गोळ्या जावेच्या गुडघ्याला तर मुळीच देऊ नका. तिला फिटचा आजार असेल, नैराश्याच्या गोळ्या चालू असतील, किडनी कमजोर असेल, तर तीच गोळी तिला फिट आणू शकते.

गोळी घेतलेला माणूस हाका मारून उठत नाही, श्वास संथ आहे किंवा मध्येच थांबतो, घशात घरघर होते, ओठ-नखं निळसर पडलीत, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात, तर १०८ ला फोन करा. कुशीवर वळवा. कांदा हुंगवू नका, तोंडात लिंबूपाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत जातं. यावर उतारा असलेलं इंजेक्शन दवाखान्यात मिळतं, मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओत नाही. रिकामी पाकिटं सोबत आणा.

महिनोन्महिने रोज घेत असाल तर मात्र हे वाचून आज रात्री एकदम बंद करू नका. जांभया, नाक गळणं, जुलाब, तगमग असं सगळं होतं, आणि मग माणूस बाजारातल्या बिनलेबलच्या 'सांधेदुखीच्या पुड्यां'कडे वळतो. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असतं, हे तो विकणारा सांगत नाही. डोस हळूहळू उतरवता येतो. त्यासाठी या, मी ओरडणार नाही. (थोडं ओरडेन.)

कॅन्सरच्या पेशंटच्या घरच्यांना वेगळं सांगायचंय. तिथे मॉर्फिन म्हणजे शेवट नव्हे. ते मान्यताप्राप्त संस्थांतून सोपेपणाने मिळावं म्हणून २०१४ मध्ये कायदा मुद्दाम बदलला गेला. ठरलेल्या वेळी, ठरलेला डोस द्या. बद्धकोष्ठासाठी औषध सोबत मागा. 'सवय लागेल' म्हणून आईला कण्हत ठेवणाऱ्या मुलाला मी लॅमिनेशनवाल्यापेक्षा जास्त बोलतो.